पाळण्याचं गाऱ्हाणं

नवऱ्याचं नाव घेऊ नये, असं माझ्या सासूबाईंचं, म्हणजे काशीबाईंचं म्हणणं. पण या गोष्टीत पुरुष इतके आहेत की प्रत्येक वेळी 'हे' म्हटलं तर कोणता 'हे' ते कुणाला कळायचं नाही. म्हणून आधीच सांगून टाकते. बाबली म्हणजे माझा नवरा आणि मी जानकी. माहेर देवबाग, सासर मिठबाव, धंदा जत्रेत खाजं विकण्याचा आणि स्वभाव तिखट. खाज्याच्या गुळात सुंठसुद्धा मी चारचौघींपेक्षा जास्तच घालते.

त्या वेळी कुडाळच्या भाईशेटचा लाकडी पाळणा जत्रोजत्री फिरायचा. चार पेट्यांचा उभा पाळणा, एका पेटीत चार माणसं कोंबून बसायची. तो फिरवायला होती भाईशेटची चार माणसं: धोंडूमामा, गंगाराम, सांतान आणि आमचा बाबली. तिघे खालून ढकलायचे. बाबली मात्र आऱ्यांवरून माकडासारखा वर चढायचा, टोकाला पोचला की दांड्याला लोंबकळायचा, आणि त्याच्या वजनानं पाळणा गरकन खाली यायचा. जमिनीला पाय लागला की पुन्हा वर. बाकीची माणसं कामाला जातात, बाबली कामावर चढायचा.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेही असंच, अधांतरी. मालवणच्या बाजूच्या एका जत्रेत मी मामेबहिणीबरोबर पाळण्यात बसले आणि वर गेल्याबरोबर डोळे गच्च मिटून किंचाळायला लागले. पेटीच्या बाहेर, माझ्या नाकासमोर, एका हातानं लोंबकळणारा हा माणूस म्हणाला, "गो, डोळे उघड. देवबाग दिसता."

मी उघडले. देवबाग काही दिसत नव्हतं, मधे अख्खा डोंगर होता. माणूस खोटारडा आहे हे मला तिथंच कळलं होतं, तरी मी त्याच्याशी लग्न केलं. चक्कर आलेली असताना माणसानं असले निर्णय घेऊ नयेत, पण मी घेतला आणि मला तो आवडला.

आता पाळण्याच्या गाऱ्हाण्याविषयी सांगायला हवं. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय कुणी काही सुरू करत नाही. जत्रेच्या दिवशी तिन्हीसांजेला धोंडूमामा डोक्यावरची टोपी काढायचा, देवळाकडे तोंड करायचा आणि खड्या आवाजात देवाला सांगायचा की बाबा रे, हा पाळणा तुझ्या दारात उभा आहे, यात बसतील त्या लेकरांची राखण कर. त्याच्या दर वाक्याला बाकीचे तिघे म्हणायचे, "व्हय म्हाराजा." शेवटच्या 'व्हय'ला पाळणा हलायचा. सांतान ख्रिस्ताव, पण त्याचा 'व्हय' सगळ्यात मोठा. तो म्हणून झाला की छातीवर क्रूसही करून घ्यायचा, म्हणजे कुठल्याच देवाची तक्रार नको.

लोकांनाही त्याची सवय झालेली. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या मुलीचं जमत नाही, तर जो तो येऊन मामाच्या कानात सांगायचा आणि मामा ते गाऱ्हाण्यात घालायचा. 'व्हय' म्हणणं हा त्या तिघांचा मान. आमच्या मुलखात एक वेळ दुसऱ्याच्या फणसाला कुणी हात लावील, पण दुसऱ्याच्या मानाला लावणार नाही.

सत्तावन्न सालच्या हंगामात भाईशेटनं कुडाळच्या भातगिरणीतलं एक जुनं इंजिन विकत घेतलं. मग त्यानं चौघांना आपल्या ओट्यावर बोलावलं, घसा साफ केला आणि म्हणाला, "मंडळी, यापुढे आपल्या सेवेची आवश्यकता उरलेली नाही."

एरवी हाच माणूस 'रे मेल्या' शिवाय हाक मारायचा नाही. मालवणी माणूस शुद्ध बोलायला लागला की समजावं, एक तर तो कचेरीत उभा आहे, नाहीतर तुमचं काहीतरी काढून घेणार आहे. चौघे परत येताना वाटेत सांतान म्हणाला, "भाईशेट इतक्या बरा बोललो की माका वाटला, आमका बक्षीस देतलो." त्यावर कुणी हसलं नाही.

बाबलीनं घरी येऊन सांगितलं की तो मुंबईला जाणार. चुलतभाऊ गिरणीत होता, तो चिकटवून देणार होता. मिठबावची जत्रा झाली की दुसऱ्याच दिवशी देवगडच्या बंदरातून बोट.

सासूबाईंनी लाडू वळायला घेतले. "जांव दे गो," त्या मला म्हणाल्या, "सगळ्यांचेच जातत."

तेच तर. सगळ्यांचेच जात होते. आमच्या वाडीत पुरुष दिसायचे ते गणपतीला आणि शिमग्याला. एरवी नांगरापासून नारळ पाडायला माणूस शोधण्यापर्यंत सगळं बायकांच्या गळ्यात. शेजारची विमला नवऱ्याला इतक्या दिवसांनी भेटायची की पहिला दिवसभर त्याला 'अवो पावणे' म्हणत चिडवायची, आणि तो गेला की विहिरीवर तोंड धुवत बसायची. मला नवरा हवा होता, मनीऑर्डर नको होती. हे मी बाबलीला याच शब्दांत सांगितलं. भांडले, आमटी खारट केली, दोन दिवस बोलले नाही.

"पाळणो गेलो," तो म्हणाला. "आता हय रवान काय करू? माडार चढून गोल फिरू?"

मी आमटीत आणखी एक मूठ मीठ टाकलं. खरं बोललेलं ऐकलं की मला जास्तच राग येतो.

जत्रेचा दिवस उजाडला. काम गेलं म्हणून काही कुणी जत्रा चुकवत नाही, त्यामुळे ते चौघेही धुतलेले सदरे घालून हजर होते. मी देवळाच्या उतारावर खाज्याची परात मांडून बसले. समोर भाईशेटचा पाळणा, आणि त्याच्या शेजारी झेंडूच्या माळा घातलेलं ते इंजिन. त्याच्याबरोबर घाटावरून आलेला एक मेस्त्री होता. त्यानं दांडा फिरवून इंजिन चालू केलं आणि असा काही आवाज सुटला की नवसाचा एक कोंबडा दोरी तोडून पळाला आणि थेट भटजींच्या खांद्यावर जाऊन बसला.

भाईशेट काळा कोट घालून आला होता. त्यानं इंजिन जरा वेळ बंद करवलं, टोपी काढली आणि स्वतःच गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्यो पाळणो, ह्या नवा इंजिन..." सगळं नीट म्हटलं. म्हणून झाल्यावर थांबला.

कुणीच काही बोललं नाही.

त्याला वाटलं, लोकांना ऐकू गेलं नसेल. त्यानं पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्यानं. अख्खी जत्रा त्याच्याकडून त्या चौघांकडे बघू लागली. धोंडूमामा टोपी हातात फिरवत होता. गंगाराम ढग बघत होता, खरं तर ढग नव्हते. सांताननं तोंडात सुपारी टाकली. बाबली माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे बघत नव्हते, कारण मी अजून रागावलेली होते.

भाईशेटच्या तेव्हा लक्षात आलं की त्यानं पाळणा ढकलणारे हात काढून टाकले, पण त्या हातांबरोबर तोंडंही गेली. इंजिनाला 'व्हय' म्हणता येत नाही. त्यानं मेस्त्रीला कोपरानं ढोसलं. मेस्त्री बिचारा गोंधळून म्हणाला, "काय मालक?" आणि जत्रा फुटली. पोरंसोरं, म्हातारे, परडीवाल्या बायका, सगळे हसायला लागले. पण पाळण्यात बसायला एकही पुढे येईना. 'व्हय' न मिळालेल्या गाऱ्हाण्याच्या पाळण्यात कोण बसेल? मलाही कुणी फुकट बसवलं असतं तरी बसले नसते.

मग भाईशेट चिडला. "भितास मेल्यांनो?" तो म्हणाला. "बघा, मी स्वता बसतंय." आणि मेस्त्रीला त्यानं त्याच्या शुद्ध भाषेत हुकूम दिला, "मी थांब म्हणेपर्यंत थांबवायचं नाही. इंजिन दमत नाही हे लोकांना दिसलं पाहिजे."

तो एकटा पेटीत बसला. इंजिन ढक ढक करू लागलं आणि भाईशेट वर गेला. पहिल्या फेरीला त्यानं हात हलवला. पुढच्या फेरीला त्याची टोपी उडाली, ती सांताननं झेलली. त्यानंतर त्यानं दोन्ही हातांनी दांडा कवटाळला. मग त्याचा चेहरा कच्च्या केळ्यासारखा दिसायला लागला आणि तो ओरडू लागला, "थांब! अरे थांब!" पण इंजिनाला खेटून बसलेल्या मेस्त्रीला काय ऐकू येणार? तो मान वर करून बघायचा आणि मालक किती खुशीत आहेत असं समजून हात हलवायचा. त्याला जाऊन सांगायला हवं होतं, हे खरं. पण जत्रेत इतकी मजा फुकटात कधी मिळत नाही, म्हणून कुणालाच घाई नव्हती. माझी परात रिकामी होत होती, लोक खाजं खात खात मान वरखाली करत होते.

अखेर धोंडूमामाला कणव आली. तो पाळण्यासमोर गेला, टोपी काढली, देवळाकडे तोंड केलं. त्याच्या मागे बाकीचे तिघे आपोआप रांगेत उभे राहिले. वर्षानुवर्षांची सवय ती.

मामा गाऱ्हाणं घालणार हे बघितलं आणि मी परात तशीच टाकून धावले. गुळानं बरबटलेल्या हातांनी मामाचा कान धरला आणि सांगितलं, माझी एक गोष्ट घाला. इंजिनाच्या त्या आवाजात कुजबुजणार कशी, जेवढ्यानं सांगणं भाग होतं तेवढ्यानं सांगितली. मामानं माझ्याकडे बघितलं, कान पुसला आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा. ह्यो आमचो भाईशेट आज तुझ्या दारात वर गेलो आसा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," तिघे म्हणाले.

"तेका सुखरूप खाली हाड म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"इंजिन आसा, ता रवांदे. पण आमका चौघांकय तेच्या बरोबरीन कामार रवांदे म्हाराजा."

तिघांनी तोंड उघडायच्या आधी वरून, पाळण्याच्या टोकावरून, भाईशेटचाच आवाज आला. "व्हय म्हाराजा!" अगदी पोटातून आलेला. आमच्याकडे माणूस बेशुद्ध पडला तरी गाऱ्हाण्याला 'व्हय' म्हणतो, आणि हा तर नुसता गरगरलेला होता. अख्ख्या जत्रेनं तो 'व्हय' ऐकला. देवानंही ऐकला असणार.

मामानं पुन्हा श्वास घेतला. "आनी ह्या बाबलीचो पाय बोटीर पडू नये. हेका हेच्या बायलेच्या नजरेआड करू नको म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

तिघांतला सगळ्यात मोठा आवाज बाबलीचा होता. सांतानपेक्षाही मोठा. म्हणून झालं आणि बाबलीचं तोंड तसंच उघडं राहिलं.

मग जे हसू उसळलं ते मी आयुष्यात पुन्हा ऐकलं नाही. विमला तर दोन्ही हातांनी पोट धरून खालीच बसली. सासूबाई डोक्यावरचा पदर तोंडात कोंबून हसत होत्या, लाडू वळणाऱ्या त्याच सासूबाई. बाबली माझ्याकडे बघत राहिला. मग तो मुकाट्यानं गेला आणि मेस्त्रीच्या खांद्यावर थाप मारून त्याला हातानं खूण केली. पाळणा थांबला. भाईशेट उतरला, दोन पावलं देवळाच्या दिशेनं टाकली, तिथून तिरका होत होत उतारावर आला आणि माझ्या खाज्याच्या परातीत बसला.

कोर्टात माणूस शब्द फिरवतो, गाऱ्हाण्यात फिरवत नाही. भाईशेटनं परातीत बसल्या बसल्याच चौघांना परत घेतलं. दुसऱ्या दिवशी देवगडच्या बाजूनं बोटीचा भोंगा आला तेव्हा बाबली मागल्या दारी बसून मुंबईसाठी केलेले लाडू खात होता. मी त्याला आणखी दोन वाढले.

पुढे दहाएक वर्षं इंजिन आणि ती चार माणसं एकत्र नांदली. मामा गाऱ्हाणं घालायचा. गंगाराम आणि सांतान माणसांना पेटीत बसवायचे, घाबरलेल्या पोरांना हसवायचे. बाबली इंजिनावर फिरणाऱ्या पाळण्यावर चढून उलटा लोंबकळायचा, ते बघायला लोक लांबून यायचे. खाऱ्या हवेनं इंजिन अर्धा वेळ रुसलेलंच असायचं, मग होतेच हे चौघे ढकलायला.

बाकीच्यांचं असं झालं नाही. भाईशेटचं बघून दुसऱ्या पाळणेवाल्यांनीही इंजिनं आणली, माणसं काढली, आणि त्यांच्यातला एकही मालक स्वतःच्या पाळण्यात बसला नाही. ती माणसं मुंबईला गेली. आधी माणसं गेली, मग त्यांच्या मागून बायका गेल्या, मग दारांना कुलपं लागली. वरच्या वाडीतल्या रुक्मिणीचा नवराही असाच एका पाळण्यावरचा. ती दर जत्रेला येऊन मामाच्या कानात तेच सांगायची, माझो घोव येवांदे. तिघे मोठ्यानं 'व्हय' म्हणायचे. तो आला नाही. तिला परातीतलं खाजं देताना मला माझ्या नशिबाची लाज वाटायची आणि मी मूठभर जास्त घालायची.

आणि माझ्याही मनात एक काटा होताच. समुद्रावर बोटीचा धूर दिसला की बाबली हातातलं काम थांबवून बघत राहायचा.

"काय बघतास?" मी विचारायची.

"धूर," तो म्हणायचा.

एवढंच. मला वाटायचं, या माणसाला मी ठेवून घेतलं ते त्याच्या जिभेच्या सवयीनं. मला पस्तावा नव्हता, तशी वेळ आली असती तर पुन्हा मामाचा कान धरला असता. पण आपण होऊन राहिलो, असं त्यानं एकदा म्हणावं असं फार वाटायचं. माझ्यासारखी बाई, जी तलाठ्याशी भांडते, ती हे विचारायला घाबरत होती.

मग धोंडूमामा गेला. गाऱ्हाणं घालायचा मान बाबलीकडे आला. पाठोपाठ घाटावरून विजेच्या दिव्यांचे लोखंडी पाळणे यायला लागले आणि भाईशेटच्या लाकडी पाळण्यात बसायला म्हातारी माणसंच उरली. एके दिवशी भाईशेट स्वतः आमच्या ओट्यावर आला. काठी टेकत बसला. शुद्ध बोलला नाही.

"बाबल्या," तो म्हणाला, "माझ्यान आता व्हना नाय रे. इंजिन इकलंय. पाळणोय मोडतलंय. तुमका देवासमोर व्हय म्हटलंय, त्या व्हयातना माका सोडव."

त्याचे डोळे भरले होते. बाबली आत गेला आणि त्याच्यासाठी पाणी घेऊन आला. मी मात्र चुलीपाशी थिजून उभी राहिले. भाईशेटचा 'व्हय' सुटला की त्याच गाऱ्हाण्यातला बाबलीचाही सुटणार. बोट अजून देवगडला लागत होती.

शेवटची जत्रा मिठबावचीच. इंजिन नव्हतं म्हणून गंगाराम आणि सांतान पाळण्याला हात लावून उभे होते, दोघांचेही केस पांढरे. भाईशेट खुर्चीवर बसला होता. मी खाजं विकत होते, म्हणजे कुणाला काय देत होते ते मलाच कळत नव्हतं. बाबलीनं टोपी काढली.

"बा देवा म्हाराजा. भाईशेटान व्हय म्हटल्यान, ता पुरा केल्यान. तेका मोकळो कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," दोघे म्हणाले.

"आनी आता माझा. त्या दिवशी माझ्या बायलेन मामाच्या कानात काय सांगितल्यान, ता माका आयकाक इला होता म्हाराजा. ही कुजबुजतली खंय? खाजा इकणाऱ्याचो आवाज तो, इंजिनाच्या वरना आयकाक इलो." लोक हसले. तो हसला नाही. "हिका आजून वाटता, माझी जीभ घसारली. जीभ घसारली नाय म्हाराजा. मी समजान व्हय म्हटलंय. माका जावचाच नव्हता, पण पाळण्याशिवाय हय रवान काय करू ता कळत नव्हता. आता पाळणो नाय. तरी मी हयच रवतलंय. तेवढा हिका कळांदे म्हाराजा."

तो थांबला. गंगाराम बोलला नाही. सांतानही बोलला नाही. दोघांनी तोंडं मिटली आणि वळून माझ्याकडे बघितलं. मागून अख्खी जत्रा माझ्याकडे बघू लागली. तेव्हा मला कळलं की हा मान त्यांचा नव्हता.

माझ्या हातात खाजं होतं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "व्हय म्हाराजा," मी म्हटलं. जत्रेच्या त्या टोकापर्यंत ऐकू गेलं म्हणतात.

पाळणा हलला. बाबली माझ्यापाशी आला, माझ्या हातातलं खाजं काढून त्यानं आपल्या तोंडात टाकलं आणि मला पेटीत बसवलं. त्या वयात, नऊवारीचा काष्टा सावरत, मी एकटी वर गेले. या वेळी मी डोळे मिटले नाहीत आणि मला मोठ्यानं हसू यायला लागलं, थांबेचना. बाबली आऱ्यांवरून चढत होता, पूर्वीपेक्षा सावकाश, धापा टाकत.

वरून समुद्र दिसत होता, देऊळ दिसत होतं, आणि पलीकडे डोंगर.

"दिसता काय गो देवबाग?" त्यानं दांड्याला लोंबकळत विचारलं.

"दिसता," मी म्हटलं.